मदत हवी आहे: फिजिओथेरपीचा रजिस्ट्रेशन नंबर लवकर कसा मिळेल? सांगलीत क्लिनिक सुरू करायचंय

वैदेही_व
नमस्कार. माझं बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालंय. विश्रामबागला गाळा घेतलाय, भाडं सुरू झालंय. ट्रीटमेंट टेबल, आयएफटी आणि अल्ट्रासाउंडची उपचाराची मशीन, सगळं येऊन पडलंय. फक्त रजिस्ट्रेशन नंबर नाही. अर्ज भरला होता, त्यात त्रुटी निघाली. जवळचे हाडांचे डॉक्टर म्हणालेत, लेटरहेडवर नंबर आला की पेशंट पाठवायला सुरुवात करतो. कुणाला पटकन होण्याचा मार्ग माहीत असेल तर कृपया आजच सांगा. "धीर धरा" असं प्लीज लिहू नका, ते घरचे रोज सांगतात.

तंबोरा
त्रुटी कसली निघाली ते लिहा आधी. आणि डिग्री कुठली? नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची असती तर तुम्ही बीपीटीएच लिहिलं असतं. बीपीटी लिहिलंय म्हणजे बाहेरची दिसते.

हळदवाला
ताई, नंबरचं बघा निवांत. आमच्या मार्केट यार्डात हमालांचे खांदे न् कंबरा पार गेल्यात. हळदीची पोती उचलून दुसरं काय होणार? तासगावकडं द्राक्षाच्या मांडवाखाली बाया दिवसभर हात वर करून मणी विरळतात, संध्याकाळी केस विंचरायला हात उचलत नाही. घरोघरी जाऊन सुरू करा की. कोण नंबर विचारतंय? मशीन धूळ खात ठेवण्यापेक्षा बरं.

मिरजेची_पीटी
हळदवाला दादा, तुम्ही तळमळीनं सांगताय, पण हा सल्ला तिला गोत्यात आणेल. महाराष्ट्रात व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेचा कायदा २००२ चा आहे. परिषदेकडे नाव नोंदल्याशिवाय इथे फिजिओ म्हणून प्रॅक्टिस करता येत नाही. क्लिनिक असो की घरी जाऊन, कायद्याला दोन्ही सारखंच.

आणि प्रश्न फक्त कायद्याचा नाही. गुडघा बदललेल्या एका आजींकडे मी घरी जायचे. एक दिवस त्यांची पोटरी हाताला गरम लागली, एकाच पायाला सूज, दाबलं की कळवळायच्या. घरचे म्हणत होते, मालिश करा, उतरेल. मी हात लावला नाही. डीव्हीटीचा, म्हणजे पायाच्या शिरेत गुठळी झाल्याचा संशय लिहून त्याच दुपारी त्यांना सर्जनकडे परत पाठवलं. रक्ताची गुठळी असती आणि ती सुटून फुप्फुसात गेली असती तर? त्या चिठ्ठीवर माझं नाव आणि नंबर होता, म्हणून सर्जननी लगेच फोन केला. बिननंबराची चिठ्ठी कोण वाचतं?

वैदेही, तंबोरांनी विचारलंय त्याचं उत्तर दे. इंटर्नशिप संपल्याचं प्रमाणपत्र हातात आहे का, तेही लिही.

कराडचा_बाळू
एवढं काय अवघड? आयएपीचं सभासदत्व घ्या, तोही नंबरच असतो. माझा मावसभाऊ बोर्डावर तोच लावतो.

मिरजेची_पीटी
आयएपी ही फिजिओथेरपिस्टांची संघटना आहे, १९५५ पासूनची. मीही सभासद आहे, अधिवेशनांना जाते. पण संघटनेचं सभासदत्व म्हणजे परवाना नव्हे. मावसभावाला सांगा, राज्य परिषदेचा नंबर नसेल तर आधी तो घे.

कराडचा_बाळू
तो कृष्णा कॉलेजातून शिकलाय, कराडलाच. असेल की त्याच्याकडे दोन्ही. मी नीट विचारून सांगतो.

वाईकर_लंडन
मी काय म्हणतो, सांगलीत एवढी धडपड करण्यापेक्षा बाहेरचं बघा. इकडे एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते. फिजिओथेरपिस्ट हे पदनाम इथे कायद्यानं राखीव आहे, नोंदणी नसताना ते कुणी लावलं तर गुन्हा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. आधी तिथली संस्था आपले मार्कशीट तपासते, मग एनपीटीई ही परवान्याची परीक्षा. ८०० पैकी ६०० ला पास. माझ्या बायकोनं दोन्हीकडची माहिती काढलीय, पाहिजे तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

तंबोरा
वाईकर, तिचा गाळा विश्रामबागला आहे हो. लंडनला नाही.

वैदेही_व
इंटर्नशिप झाली, सहा महिने, प्रमाणपत्र आहे. डिग्री कर्नाटकातली, राजीव गांधी विद्यापीठाची, कॉलेज बेळगावकडचं. त्यानं काय फरक पडतो? आमच्या बॅचला निम्मी मुलं सांगली-कोल्हापूरची होती. त्रुटी एका ओळीची आहे: "नावात तफावत." कॉलेजला फोन केला तर म्हणतात, विद्यापीठाला लिहा. विद्यापीठाला मेल केला तर, कॉलेजमार्फत या. म्हणून तर इथे विचारलं.

तंबोरा
तफावत कसली ते अजून कळलं नाही. कुठल्या कागदावर काय छापलंय, अक्षर न् अक्षर लिहा. खरं नाव इथे टाकू नका, नुसता क्रम सांगा.

वैदेही_व
दहावी-बारावीला: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. डिग्रीवर: नाव आणि पुढे एकच इनिशियल, आडनाव नाहीच. आधारवर: लग्नानंतरचं.

मिरजेची_पीटी
आता उलगडलं. या दोन वेगळ्या गाठी आहेत, एकत्र सोडवायला जाऊ नकोस.

पहिली म्हणजे बारावी विरुद्ध डिग्री. कर्नाटकात शिकलेल्या आपल्याकडच्या मुलांना ही हमखास येते. तिकडे नावापुढे इनिशियल लावायची पद्धत, आपल्या बोर्डाची आडनाव आधी लिहायची. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र कर आणि त्यात दोन्ही नावं कागदावर जशी छापलीत तशीच लिही, स्पेलिंगसकट. सोबत कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांचं पत्र घे: अमुक वर्षी प्रवेश घेतलेली, बारावीला हे नाव असलेली विद्यार्थिनी हीच. प्रवेशाच्या वेळी तुझी बारावीची मार्कशीट त्यांनीच घेतली होती ना? म्हणजे त्यांच्या दप्तरात पुरावा आहे. हे पत्र त्यांच्या हातातलं काम आहे, त्याला विद्यापीठ लागत नाही. फोनवर होणार नाही, बेळगावला समक्ष जा. मिरजेहून गाडीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

दुसरी आधारची. त्याला विवाह नोंदणीचा दाखला जोड. नोंदणी मात्र शिक्षणाच्या नावानेच कर.

घाटावरचा
मिरजेच्या ताईंशी सहमत नाही. प्रतिज्ञापत्र म्हणजे ठिगळ. सरळ राजपत्रात नाव प्रसिद्ध करा, ऑनलाइन अर्ज होतो. एकदा गॅझेट हातात असलं की बँक, पासपोर्ट, सगळीकडे चालतं.

मिरजेची_पीटी
गॅझेट नाव बदललं तर. हिचं बदललंय कुठे? डिग्रीवर अर्धंच छापलंय. गॅझेट करूनही डिग्रीवर इनिशियलच राहणार आणि पुढे एमपीटीएचला (पदव्युत्तरला) प्रवेश घेताना हाच प्रश्न पुन्हा. आत्ता प्रतिज्ञापत्र आणि कॉलेजचं पत्र देऊन नंबर मिळव. डिग्रीवरची दुरुस्ती कॉलेजमार्फत विद्यापीठाकडे आत्ताच टाकून ठेव, तिला वेळ लागू दे.

घाटावरचा
मग बेळगावला जाईल तेव्हा दुरुस्तीचा अर्जही घेऊन जा. आणि प्रतिज्ञापत्राला शंभरचा स्टॅम्प पुरतो.

पेठेतला_वकील
शंभरचे दिवस गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर-दोनशेच्या जागी पाचशे झाले. काही दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना माफी आहे. तुमचं त्यात बसतं का, ते नोटरीला कागद दाखवून विचारा. इथे कुणाच्या सांगण्यावरून कमी स्टॅम्पवर करू नका, परत करावं लागेल.

शुभम_७
नंबरशिवाय पण होतं. तीन महिन्यांचा फिजिओ डिप्लोमा, घरबसल्या, सर्टिफिकेट कुरिअरनं. व्यनि करा.

तंबोरा
संपादक, वरचा प्रतिसाद उडवा. साडेचार वर्षं घासून शिकलेल्या मुलीला तीन महिन्यांचा कागद विकताय? असल्या कागदावर लोक कुणाच्या तरी मानेला हात लावतात.

सह्याद्रीपुत्र
पण मला सांगा, हे लोक नावापुढे डॉक्टर का लावतात? ते बंद झालं ना?

मिरजेची_पीटी
आरोग्य सेवा महासंचालनालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये तसं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. त्यावर वेगळा धागा काढा. वैदेही, तुझ्या बोर्डावर नावाच्या खाली "फिजिओथेरपिस्ट" आणि नोंदणी क्रमांक ठळक असू दे. पेशंटनं तेच वाचायला हवं.

हळदवाला
मिरजेच्या ताई, ते पोटरीचं वाचून मी घरी गेलो. आमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेतच झालंय. पोटरी कशी बघायची ते नीट सांगाल का?

मिरजेची_पीटी
दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघा. एकच जास्त सुजलेली, गरम, लालसर, दुखरी वाटली तर मालिश, शेक काही नको, त्याच दिवशी सर्जनकडे न्या. दम लागला किंवा छातीत दुखलं तर घरी एक मिनिट थांबू नका, थेट दवाखाना.

वाईकर_लंडन
२०२१ ला केंद्राचा नवा कायदा आला ना, सगळ्या अलाइड हेल्थवाल्यांचा? त्यात फिजिओथेरपी आहे. मग राज्याची नोंदणी कशाला करायची?

घाटावरचा
हो, राष्ट्रीय आयोग आलाय. तिनं त्याचीच वाट बघावी.

मिरजेची_पीटी
गाळ्याचं भाडं चालू असताना वाट बघायची? त्या कायद्यातही राज्य परिषदा आहेतच. इथली हॉस्पिटलं नोकरी देताना राज्य परिषदेचाच नंबर मागतात. अर्ज तिथे आधीच पडलाय, फक्त त्रुटी भरायची आहे.

वैदेही_व
प्राचार्यांच्या पत्राचं कुणीच सांगितलं नव्हतं. सोमवारी बेळगावला जातेय, पत्र आणि दुरुस्तीचा अर्ज दोन्ही करून येते. पत्र इंग्रजीत घेऊ की कन्नडमध्येही चालेल?

मिरजेची_पीटी
इंग्रजीतच. शिक्का, सही, जावक क्रमांक आणि तारीख बघितल्याशिवाय तिथून निघू नकोस. जावक क्रमांक नसेल तर पत्र खरं की खोटं ते पडताळता येत नाही. त्रुटी भरताना जुन्याच अर्ज क्रमांकावर भर, नवा अर्ज टाकू नकोस. आणि नंबर येईपर्यंत व्यवसाय कराची नोंदणी उरकून घे, क्लिनिकवाल्याला वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. ड्राय नीडलिंग, म्हणजे दुखऱ्या स्नायूत सुया टोचून उपचार करणार असशील तर जैववैद्यकीय कचऱ्याचीही व्यवस्था लाव. त्या सुया घंटागाडीत टाकता येत नाहीत.

नवखी_ओटी
मध्येच विचारते. माझं बीओटीएच (व्यवसायोपचाराची पदवी) आहे, साताऱ्याला लहान मुलांसाठी केंद्र काढायचंय. मलाही हीच परिषद का?

मिरजेची_पीटी
हीच. व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार, दोघांची एकच आहे. तुमच्या सगळ्या कागदांवर नाव सारखं आहे का?