पावसाळ्यात शेळ्यांचे जंत: झाडपाला कुठवर चालतो?

माळावरची_शेळी (प्रश्न)

भूम तालुका, जिल्हा धाराशिव. कोरडवाहू शेतीला जोड म्हणून बारा उस्मानाबादी शेळ्या, नऊ करडं आणि एक बोकड. चराई बांधावर आणि गायरानात, संध्याकाळी वाड्यात शेवरी किंवा कडबा.

जूनमध्ये सगळ्यांना जंताचं औषध, अल्बेन्डाझोल, पाजलं. तरी पोळ्यापासून तीन शेळ्या खालावल्यात. दोघींच्या जबड्याखाली मऊ सूज येते, संध्याकाळी जास्त आणि सकाळी कमी. लेंड्या मात्र घट्ट आहेत, हगवण अजिबात नाही. चार शेळ्या गाभण आहेत, दोघींचं दूध घरात लागतं, म्हणून सारखं रासायनिक औषध नको वाटतं.

विचारायचं ते असं: पळसबी, वावडिंग, कडुनिंब यांनी जंत पडतात का, आणि प्रमाण काय? वाड्यात गोचीडही झालेत, त्यावर घरगुती काय? आणि ओल्या चाऱ्यावर पोट फुगलं तर तेल किती पाजायचं?

खुराडी_ते_दवाखाना

ताई, लेंडी घट्ट, हगवण नाही आणि जबड्याखाली पाणी उतरतंय म्हणजे पहिला संशय हिमॉन्कसवर, म्हणजे रक्त पिणाऱ्या गोल जंतावर. हा चौथ्या पोटात राहतो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त ओढतो, म्हणजे हजार जंत असले तर रोजचं 50 मिली गेलं. रक्तातलं प्रथिन कमी झालं की पाणी सुटून खाली उतरतं. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर सूज वाढते, रात्री बसल्यावर ओसरते. घट्ट लेंडी बघून लोक निर्धास्त राहतात, आणि शेळी एक दिवस चरता चरता बसते ती उठतच नाही.

आज उजेडात प्रत्येक शेळीची पापणी बघा. वरच्या पापणीवरून डोळा हलका दाबायचा, खालची पापणी अंगठ्याने ओढायची आणि आतला रंग लगेच बघायचा. फार वेळ धरून ठेवली तर दाबाने रंग बदलतो. लालभडक किंवा चांगली गुलाबी असेल तर औषध नको. फिकट गुलाबी असेल तर द्या. पांढुरकी किंवा पांढरी असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि त्या शेळीला चरायला चालवत नेऊ नका, दमानेच जाईल. अशा शेळीवर झाडपाल्याचा प्रयोग करायला वेळ उरलेला नसतो. 1962 या क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळतं.

अल्बेन्डाझोल का लागू पडलं नाही, याची दोन कारणं नेहमीची. एक, वजनाचा अंदाज कमी धरला जातो. दुसरं, वर्षानुवर्षं तेच औषध दिल्याने जंत त्याला दाद देत नाहीत. वजन असं काढा: पुढच्या पायामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, उत्तर किलोत. घेर 28 आणि लांबी 26 असेल तर जवळजवळ 31 किलो. हीच शेळी नजरेने बहुतेक जण पंचवीसची सांगतात. शिवाय शेळीचं शरीर जंतनाशक मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. त्यामुळे बाटलीवर मेंढीचं प्रमाण असेल तर शेळीसाठी ते डॉक्टरकडून ठरवून घ्या, स्वतः दुप्पट करू नका.

रक्तपित्या जंतावर डॉक्टर बहुधा क्लोझँटेलचा विचार करतील. ते जास्त झालं तर शेळी आंधळी होऊ शकते, म्हणून वजनाचा एवढा आग्रह. घरात दूध वापरता हे आधीच सांगा, कारण दूध खाण्यात असलेल्या शेळीला ते देत नाहीत. गाभण शेळीला पहिल्या दीड महिन्यात अल्बेन्डाझोल टाळतात, तिथे फेनबेन्डाझोल चालतं.

आणि एक गोष्ट लोकांना पटत नाही: सगळ्या कळपाला एकाच दिवशी पाजू नका. ज्यांची पापणी गुलाबी आहे त्यांना सोडून द्या. त्यांच्या पोटातले, औषधाला अजून न सरावलेले जंत रानात मिसळत राहिले, तरच ते औषध तुमच्याकडे पुढची काही वर्षं चालेल.

बोरीबाभळी

वरच्या भाऊंनी शेळीच्या पोटातले सांगितले, पण बहुतेक जंत गवतावर असतात. लेंडीतून अंडं पडतं. पावसाळी ऊबेत साधारण पाच-सहा दिवसांत त्याची पोटात गेल्यावर जंत होणारी अळी होते आणि दवाच्या ओलीवरून गवताच्या पात्यावर चढते. चढते ती चार बोटं, फार तर वीतभर. पोटात गेली की तीन आठवड्यांत तिची अंडी पुन्हा सुरू. म्हणजे औषध देऊन त्याच गायरानात सोडलं तर महिन्याच्या आत होतं तिथेच.

त्यामुळे सकाळी दव सुकल्याशिवाय वाडा उघडू नका, दहाच्या आत तर नकोच. गवत चार बोटांवर आलं की जागा बदला. एका तुकड्यात चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, पाचव्या दिवशी शेळ्या स्वतःच टाकलेलं बी खायला लागतात. एवढे तुकडे पाडायला जागा नसेल (पाच एकरात कुठून असणार) तर बैल किंवा मोठी गाय आधी चारा. शेळीचे बहुतेक जंत मोठ्या गुरात तग धरत नाहीत, ती अळ्या खाऊन रान साफ करतात. करडं मोठ्या शेळ्यांच्या मागून तर मुळीच चारू नका, सगळ्यात वाईट गवत त्यांच्या वाट्याला येतं.

आणि झाडाचा पाला. अळी झाडावर चढत नाही, म्हणून पाल्यावरची शेळी तब्येतीने राहते. शेवरी, हादगा, बोर, आपटा, उंबर, अंजन, जे असेल ते डहाळीसकट दोरीला शेळीच्या तोंडाच्या उंचीवर टांगा. जमिनीवर टाकलं की लेंड्यांत मिसळतं आणि शेळी नाक मुरडते, निम्मं वाया. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शावर नको, केस गळतात. बाभळीच्या पाल्यात आणि शेंगांत तुरटपणा असतो, त्याने जंतांची अंडी काहीशी कमी होतात. रोज एक-दोन मुठी शेंगा पुरे, जास्त झाल्या तर चाऱ्यातलं प्रथिनही तोच तुरटपणा बांधून ठेवतो. हे गावठी बाभळीचं. वेडी बाभूळ वेगळी, नुसत्या तिच्या शेंगांवर शेळी फार दिवस ठेवली तर जबडा लुळा पडतो.

खालावलेल्या तिघींना शेंगदाणा पेंड रोज 100 ते 150 ग्रॅम सुरू करा, आठवडाभरात हळूहळू वाढवत. गूळपाणी पाजून रक्त भरत नाही, प्रथिन लागतं. गाभण शेळ्यांना शेवटच्या महिन्यात आणि व्यायल्यावर महिनाभर हीच पेंड द्या. त्या काळात शेळीची ताकद कमी पडते आणि तिच्या लेंडीतून अंडी वाढतात, ती थेट करडांच्या पुढ्यात.

निर्गुडी_कट्टा

आता झाडपाल्याचं. सगळंच टाकाऊ म्हणणारे आणि सगळ्यावर कडुनिंब सांगणारे, दोघांशीही माझं पटत नाही.

पळसबी आणि वावडिंग जंतांवर जुन्या काळापासून दिलं जातं आणि गुण येतो असं सांगणारे भेटतील. पण बी ताजी की जुनी, कुटून दिली की काढा करून, यावर ताकद बदलते, म्हणून किलोमागे अमुक ग्रॅम असं छातीठोक प्रमाण मी देणार नाही. वापरायचंच असेल तर गुलाबी ते फिकट गुलाबी पापणीच्या, गाभण नसलेल्या मोठ्या शेळीवरच. पळसबी गाभण शेळीला नको. कडुनिंबाचा पाला शेळी आवडीने खाते, खाऊ द्या, मात्र निंबोळीचं तेल गाभण शेळीला पाजू नका. आणि देण्याआधी लेंडी तपासून घ्या, दिल्यावर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासा. अंडी नव्वद टक्क्यांहून जास्त घटली तर औषध लागू पडलं. निम्म्यावर आली तर नाही, मग ते पळसबीचं असो की कंपनीचं.

गोचिडांवर मात्र घरगुती उपाय खरंच उपयोगी, अट एकच, शेळीपेक्षा वाड्यावर जास्त मेहनत घ्या. मादी रक्त पिऊन खाली पडते आणि अंडी घालते ती भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या लाकडात, दगडाखाली. आधी भेगा लिंपा, जुनं शेणखत बाहेर काढा, भिंतींना चुना द्या. मग निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळी कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने पिळून गाळा, 20 ग्रॅम साबण विरघळवा आणि एकूण दहा लिटर करा. फवारा संध्याकाळी मारा, उन्हात त्यातला गुण लवकर जातो. त्याच दिवशी वापरा, ठेवलेला अर्क आंबतो. गोचीड लगेच टपटप पडणार नाहीत. निंबोळी त्यांचं खाणं आणि कात टाकणं बिघडवते, म्हणून पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा करावं लागतं. एकदा मारून "काही उपयोग नाही" म्हणणारेच जास्त.

अंगावर, म्हणजे कानात, शेपटीखाली, कासेजवळ, करंज तेल बोटाने लावा. सडाला लागू देऊ नका, करडू तोंड फिरवतं. गोचिडांच्या घरगुती फवाऱ्यांत टणटणीचा पाला घालायला सांगतात. शेळीसाठी तो वगळा, ती अंग चाटते आणि टणटणीने कावीळ होते.

पोटफुगी. डाव्या भकाळीत (बरगड्यांमागच्या खळग्यात) नगारा वाजतो, शेळी रवंथ करत नाही, सारखी उठते-बसते. ओल्या लसूणघासाने किंवा कोवळ्या द्विदल चाऱ्याने फेस झाला असेल तर तेल कामाचं: 30 किलोच्या शेळीला गोडेतेल 50 ते 60 मिली, त्यात हिंग 2 ग्रॅम आणि कुटलेला ओवा 10 ग्रॅम. पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून उभी करा आणि भकाळी चोळा. पण धान्य, पीठ किंवा लग्नातलं उरलेलं अन्न जास्त खाऊन फुगली असेल तर तेल उपयोगाचं नाही. तिथे पोटात आम्ल झालेलं असतं, खायचा सोडा 20 ते 30 ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात विरघळवून पाजा आणि डॉक्टरला बोलवा.

पाजताना नाक डोळ्याच्या रेषेवर जाऊ देऊ नका. गालाच्या बाजूने थोडं थोडं ओता, गिळलं की पुढचा घोट. खोकली की लगेच मान सोडा. मान उंच धरून ओतलेलं तेल फुप्फुसात जातं, आणि मग पोटफुगीने वाचलेली शेळी निमोनियाने मरते. आडवी पडलेली, मान टाकलेली शेळी असेल तर काहीही पाजू नका.

भातखाचर

कोकणातून एक भर. पापणी पांढरी आणि जबड्याखाली सूज, हेच लक्षण यकृतातल्या चपट्या कृमीचंही (लिव्हर फ्ल्यूक) असतं. तो गोगलगायीमार्फत पसरतो, म्हणून खाचरं, ओढ्याची काठं, तळ्याच्या कडेला चरणाऱ्या शेळ्यांत दिवाळीनंतर जास्त दिसतो. भूमच्या माळावर शक्यता कमी, पण पाझर तलावाखाली चारत असाल तर लेंडी देताना तसं सांगा. त्याची अंडी जड असतात, नेहमीच्या तरंगवण्याच्या पद्धतीत दिसत नाहीत, गाळ खाली बसवून बघावा लागतो. यावर झाडपाल्याने वेळ घालवू नका.

माळावरची_शेळी

तलावाखाली नाही चारत. पापण्या बघितल्या, सूज असलेल्या दोघी पांढऱ्या आहेत, डॉक्टरांना फोन केला. लेंडी तपासायची ती कशी न्यायची? आणि करडांपैकी तिघांना शेम (चिकट हगवण) पडतेय, थोडं रक्तही. तेही हेच का?

खुराडी_ते_दवाखाना

करडांचं वेगळं. तीन आठवड्यांपासून चार महिन्यांपर्यंतच्या करडांना शेम आणि रक्त म्हणजे बहुधा कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले डोळ्याला न दिसणारे परजीवी, आणि त्यावर जंताचं कुठलंच औषध चालत नाही. त्याची गोळी वेगळी, वजनावर, डॉक्टरांकडूनच. तोवर पाणी सुटून करडू जाऊ नये म्हणून एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून दर दोन-तीन तासांनी 50 ते 100 मिली पाजा. दूध तोडू नका. बेलफळाचा गर किंवा डाळिंबसालीचा काढा शेम थोडी आवरतो, पण कॉक्सिडिया मरत नाहीत आणि बरं वाटलं म्हणून गोळी लांबते. करडांची जागा कोरडी करा. ओली जमीन आणि गर्दी हेच मूळ, पाण्याचं भांडंही लेंड्या पडणार नाहीत एवढं उंच ठेवा.

लेंडी जमिनीवरची नको. हातमोजा किंवा पिशवी घालून थेट गुदद्वारातून पाच-सहा लेंड्या घ्या, पिशवीतली हवा दाबून काढा, गाठ मारा, वर शेळीचा क्रमांक लिहा. तीन खालावलेल्या आणि दोन धडधाकट शेळ्यांच्या वेगवेगळ्या पिशव्या करा, एकत्र करू नका. गारव्यात ठेवा पण गोठवू नका, आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात पोहोचवा. उकाड्यात अंडी दुसऱ्या दिवशी फुटतात आणि अहवालात आकडा खोटा कमी येतो. "जंत आहेत का" एवढंच विचारू नका, एका ग्रॅममागे किती अंडी ते मागा. औषधानंतरचा नमुना द्याल तेव्हा ताडून बघायला तो आकडा लागेल.

निर्गुडी_कट्टा

पिशवी नेताच आहात तर आंत्रविषार (आतड्यात विष तयार होऊन होणारा आजार) आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूचा साथरोग) यांच्या लसी कधी झाल्या तेही तिथेच विचारून घ्या. या दोन्हींवर झाडपाला नाही. आंत्रविषाराची लस खरं तर पावसाआधी द्यायची असते, आणि पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. पांढऱ्या पापणीच्या दोघींना मात्र आत्ता लस नको, आधी त्यांचं रक्त भरू द्या.