शब्दचर्चा: मोरस साखर

विचारणा

स्वदेशीच्या काळातल्या मराठी लिखाणात 'मोरस साखर' हा शब्द भेटतो, कधी नुसतंच 'मोरस'. गुजरातीत तर साखरेला सर्रास मोरस म्हणतात. घरातल्या थोरांना विचारलं तर 'पांढरीशुभ्र, गिरणीची साखर' एवढाच अर्थ हाती लागला. एका स्नेह्यांनी 'मधुरस' अशी फोड करून दिली, ती काही पटली नाही. शब्द नेमका कुठून आला आणि गेला कुठे?

प्रतिसाद

मधुरस विसरा. मोरस म्हणजे मॉरिशस. हिंदीतली चिनी चीनवरून, मिसरी मिसरवरून, तशीच ही मॉरिशसवरून. माल जिथून येतो त्या मुलखाचं नाव मालाला चिकटतं. इथवर सोपं आहे. पण ते बेट फ्रेंचांकडेच राहिलं असतं तर हा शब्द आपल्या वाणसामानात आलाच नसता.

1715 पासून 1810 पर्यंत बेट फ्रेंचांचं होतं आणि त्याचं नाव होतं 'ईल द फ्रांस'. डचांनी त्यांच्या राजपुत्रावरून ठेवलेलं मॉरिशस हे नाव फ्रेंचांनी टाकून दिलं होतं. 1735 मध्ये आलेल्या गव्हर्नर लाबूर्दोनेने पोर्ट लुई बंदर उभं केलं आणि बेटाचं नशीब बंदराला बांधलं गेलं. ऊस होता, साखरही होत होती, पण खरी मिळकत जहाजांवर: दुरुस्ती, रसद, व्यापार, आणि लढाई पेटली की इंग्रजांची जहाजं पकडणं. शत्रूची जहाजं लुटणारा फ्रेंच कप्तान रोबेर सुर्कूफने 1800 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं 'केंट' जहाज पकडलं, ते इंग्रज बरीच वर्षं विसरले नाहीत. म्हणूनच 1810 ची स्वारी. ऑगस्टमध्ये बेटावरच्याच ग्रां पोर्टच्या खाडीत फ्रेंचांनी इंग्रजांना सपाटून मारलं, तरी डिसेंबरात फ्रेंच गव्हर्नर जनरल दकाँला बेट सोपवावं लागलं. 1814 च्या पॅरिसच्या तहात इंग्रजांनी शेजारचं बूर्बों, म्हणजे आजचं रेयुनियाँ, परत दिलं आणि हे ठेवून घेतलं. बूर्बोंला धड बंदर नव्हतं, हे त्याचं साधं कारण. जुनं डच नावही तेव्हाच परत आलं.

शरणागतीच्या अटी फार सैल होत्या: रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज राहतील. त्यामुळे वरवर पाहिलं तर काहीच बदललं नाही. मळेवाले तेच, भाषा तीच, दिवाणी कायदा नेपोलियनचा. इंग्रज अधिकारी मूठभर. वरच्या कोर्टांत इंग्रजी सक्तीची झाली तीही 1847 मध्ये. मालक बदलला, पण भाडेकरूंनी खाटसुद्धा हलवली नाही, असा प्रकार.

पालटलं ते खालून. 1825 मध्ये लंडनने मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी केली आणि मळेवाल्यांनी दुसरी पिकं सोडून ऊसच लावायला घेतला. शतकाच्या मध्यानंतर बेट लाखाच्या वर टन साखर काढत होतं. जहाजांचं बेट साखरेचं झालं.

प्रतिसाद

माहिती चांगली, पण 'पालटलं ते खालून' हे फारच गोड झालं. तो ऊस लावला कोणी?

इंग्रजांनी गुलामांचा व्यापार 1807 मध्येच बंद केला होता. तरी बेटाचे पहिले इंग्रज गव्हर्नर फार्कर यांनी लंडनला लिहून पाहिलं की रीतिरिवाज राखायचे तर हा व्यापारही चालू ठेवावा लागेल. नकार आला. चोरटी आयात मात्र पुढेही बरीच वर्षं चालली, आणि सरकारने तिकडे काणाडोळा केला असा आरोप तेव्हाच झाला होता. 1832 मध्ये गुलामगिरीचा विरोधक जॉन जेरेमी सरकारी वकील म्हणून आला, तर मळेवाल्यांनी पोर्ट लुईची दुकानं बंद पाडली आणि गव्हर्नरने त्यालाच परत पाठवलं! राज्य कोणाचं होतं ते यावरून कळतं.

1835 मध्ये गुलामगिरी गेली. साठ हजारांहून जास्त गुलामांपोटी 20 लाख पौंडांच्या वर भरपाई मिळाली. मालकांना. गुलामांच्या वाट्याला आणखी चार वर्षांची 'उमेदवारी' आली, म्हणजे त्याच मालकाकडे तेच काम. त्यानंतर बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली, त्यात नवल काय?

प्रतिसाद (पहिल्याच उत्तरकर्त्याचा)

मान्य, आणि त्या पाठ फिरवण्यातच आपला संबंध येतो. गुलामांच्या जागी 1834 पासून हिंदुस्थानातून करारावर माणसं नेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, काही मुंबईहून. 1861 च्या शिरगणतीत बेटावरच्या सुमारे 3 लाख 10 हजार लोकांत 1 लाख 90 हजारांवर हिंदुस्थानी होते. पन्नास वर्षांपूर्वी ते थोडेच होते. फ्रेंच बोलणारे वरचे लोक जागच्या जागी राहिले आणि त्यांच्या पायाखालचा समाज अख्खा नवा आला.

आता वापराकडे. युरोपात बीटच्या साखरेने बाजार व्यापला, तेव्हा मॉरिशसने हिंदुस्थानचं गिऱ्हाईक धरलं. 1876 पासून तिथलं अधिकृत चलन रुपया, त्यावरून संबंध किती दाट होता ते दिसतं. 1899 मध्ये कर्झन सरकारने युरोपच्या अनुदानित साखरेवर जादा जकात बसवली, ती मॉरिशसच्या पथ्यावर पडली. म्हणजे 'मोरस' ऐन भरात होती तो हा काळ. परदेशी साखर हाडांच्या कोळशाने साफ करतात म्हणून सोवळ्यातल्या लोकांनी ती वर्ज्य केली आणि स्वदेशीवाल्यांनी तोच मुद्दा उचलला. पुढे जावाच्या साखरेने तिला मागे टाकलं. 1932 च्या संरक्षक जकातीनंतर देशी कारखाने भराभर निघाले आणि मराठीपुरता शब्दाचा व्यवहार संपला. गुजरातीने तो 'साखर' या सरसकट अर्थाने ठेवून घेतला.

प्रतिसाद

दोन-तीन पुरवण्या.

मुंबईहून गेलेले मजूर बरेचसे कोकणातले. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये 'मराठी' म्हणून वेगळे ओळखले जातात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' नावाने नाचली जाते. घरात मात्र बहुतेकांची बोली क्रिओल. त्यात साखरेला 'दिसिक' म्हणतात, फ्रेंचवरून. मोरस म्हटलं तर तिथल्या मराठी माणसाला कळायचं नाही.

'सरदार' हा शब्दही बघण्यासारखा आहे. आपल्याकडे सरदार म्हणजे पागा-जहागिरीवाला. मॉरिशसच्या मळ्यावर सरदार म्हणजे मजुरांच्या टोळीचा मुकादम. गावाकडे परत येऊन नवी माणसं गोळा करणारेही बऱ्याचदा तेच. मुकादम शब्द साखर कारखान्यांच्या पट्ट्यात कोणाला समजावायला नको.

आणि 'मॉर्सेलमां', म्हणजे जमिनीचे तुकडे पाडणं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकले. घेणारे बहुतांशी करार संपलेले हिंदुस्थानी. गळ्यातले दागिने मोडून, उसनवारी करून, पण घेतली जमीन. आजही तिथल्या कितीतरी पत्त्यांत वसाहतीच्या नावाआधी हा फ्रेंच शब्द येतो. जमीन मोजतात ती अर्पांमध्ये, म्हणजे एकराहून थोडं जास्त भरणाऱ्या जुन्या फ्रेंच मापात. पैसे मात्र रुपयांत मोजायचे.