मदत हवी आहे: ऊन आणि त्वचेचा कॅन्सर, मंडळात मराठीत काय बोलू?

सातारी_माहेर: रविवारी मंडळात मला १० मिनिटं दिली आहेत. मागच्या वेळी वाटलेली इंग्रजी पत्रकं जेवणानंतर ताटांखाली सापडली. "आपण सावळे, हे गोऱ्यांचे आजार" इथेच गाडी अडते. काय सांगू? गुरुवारपर्यंत मुद्दे हवेत.

निवांत: शहर कुठलं? ऐकणारे कोण? मेलबर्न असेल तर आत्ता जूनमध्ये यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांचा जोर; ३ पासून जपायचं) ३ च्या खालीच असतो. तिथे हा विषय ऑगस्टनंतर घ्या.

गूळतूप: हळद, चंदन आणि साय. आमच्या आजीनं जन्मभर शेतात काढला, चेहऱ्यावर डाग नाही.

सातारी_माहेर: ब्रिस्बेन, लिहायचं राहिलं. निम्मे भारतातून आलेले आईवडील, साठी-सत्तरीचे. बाकी शाळकरी पोरं.

निवांत: मग आत्ताच बोला. ब्रिस्बेनला थंडीतही दुपारी इंडेक्स ३ च्या वर जातो. ऊन कोवळं लागतं म्हणून लोक फसतात. चटका आणि अतिनील किरण वेगळे, ढगातूनही येतात. आणि @गूळतूप, चंदनानं हे किरण अडत नाहीत. आजींना डोक्यावरच्या पदरानं वाचवलं असेल.

आडवाट: इतकं घाबरवू नका. आपल्या लोकांत डी जीवनसत्त्व आधीच कमी. माझ्या आईनं बाहेर जाणंच सोडलं, हाडं दुखायला लागली.

निवांत: हे खरं आहे. गडद त्वचेला डी बनवायला ऊन जास्त लागतं, सगळ्यांना एकच नियम नको. पण आपल्यातली गोरीपान पोरं दुपारभर क्रिकेट खेळतात, त्यांना टोपी आणि एसपीएफ ५० चं सनस्क्रीन हवंच. निघण्याआधी २० मिनिटं लावायचं, दर २ तासांनी परत.

ओली_माती: ज्येष्ठांना तळपाय बघायला सांगा. माझे काका वर्षभर कुरूप समजून कॉर्नकॅप लावत होते. टाचेवर काळा डाग, कडा वेड्यावाकड्या, बुटाला रक्त लागायचं. मेलानोमा, म्हणजे त्वचेचा घातक कॅन्सर निघाला. सावळ्या माणसांत तो तळवे आणि नखांखाली जास्त सापडतो.

आडवाट: तळव्याला ऊन लागतं कुठे? मग सनस्क्रीनचा काय संबंध?

ओली_माती: नाहीच. तो उन्हानं होत नाही, म्हणून क्रीम लावून निर्धास्त राहता येत नाही. डाग वाढला, रंग बदलला, जखम भरेना, तर डॉक्टरला दाखवायचं. बऱ्याच नखांवर फिकट तपकिरी पट्टे आपल्यात अनेकांना असतात. एकाच नखावर नवा, रुंद होत जाणारा पट्टा असला तर थांबू नका.

गूळतूप: घामोळ्यांवर काय लावता?

निवांत: ताई, वेगळा धागा काढा.

सातारी_माहेर: @ओली_माती, काकांचं नाव न घेता सांगू का? पोरांना तर शाळेतलं "टोपी नाही तर खेळ नाही" पाठच आहे, त्यांच्याकडूनच म्हणवून घेते. मोठ्यांना फक्त पाय. आज सासूबाईंना जोडवी काढायला लावून बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली बघितलं. टाचेच्या भेगांशिवाय काही नाही. मग त्यांनीच सासऱ्यांना मोजे काढायला लावले.

ओली_माती: सांगा. कॉर्नकॅपचं नक्की सांगा.