मदत हवी आहे: कार्बन पकडला, पण पुढे न्यायला कुणीच नाही, तर भुर्दंड कुणाचा?

नमस्कार मंडळी,

मी सिमेंट कारखान्यात प्रोसेस विभागात काम करते. वरून फर्मान आलंय: कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली साठवण्याच्या सामाईक प्रकल्पात शिरायचं की नाही, यावर टिपण द्या. सरकार, आम्ही, शेजारचा खत कारखाना आणि साठवण करणारी कंपनी असे चौघे भिडू. तांत्रिक भाग मी निभावेन. घोडं अडलंय ते कराराशी.

'आधी इंधन बदला' असे सल्ले येऊ नयेत म्हणून आधीच सांगते. आमच्या भट्टीतून जो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातला सुमारे 60 टक्के इंधनाचा नसतोच. चुनखडी भाजली की तो तिच्यातूनच सुटतो. भट्टी उद्या विजेवर चालवली तरी तेवढा निघणारच.

आता पेच. आम्ही यंत्रणा उभारली आणि पाइपलाइन दोन वर्षं रखडली, तर कर्जाचे हप्ते आमच्या गळ्यात. उलट पाइपलाइन झाली आणि आम्ही मागे सरलो, तर साठवणवाली कंपनी रिकामा नळ राखत बसणार. म्हणून दोघंही 'पहिले आप' करतात. सरकारनं मध्ये पडावं यावर सगळ्यांचं एकमत आहे, पण पडून नेमकं करावं काय? नॉर्वेच्या लाँगशिप या अशाच कार्बन पकडून साठवण्याच्या प्रकल्पात उभारणी आणि सुरुवातीची वर्षं चालवणं, मिळून सुमारे दोन तृतीयांश खर्च सरकारनं उचलला. असं पाठबळ सगळीकडे कुठून यायचं?

दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. मधली कडी तुटली तर नुकसान कोण भरतं? आणि वायू जमिनीखाली सोडायची विहीर बंद केल्यावर पन्नास वर्षांनी गळती झाली तर कुणाला धरायचं? तोवर आमची कंपनी असेल की नाही कोण जाणे, वायू मात्र खालीच असेल.

प्रतिसाद 1

तुमचा पहिला प्रश्न म्हणजेच सगळा खेळ आहे, बाकी अभियांत्रिकी त्यामानाने सोपी. ब्रिटनने यात हात पोळून घेतलेत. तिथे अशा प्रकल्पांना निधी देण्यासाठी एक अब्ज पौंडांची स्पर्धा जाहीर झाली होती, ती नोव्हेंबर 2015 मध्ये सरकारनेच रद्द केली. नंतर त्यांनी करारच वेगळे केले. पकडणाऱ्या कारखान्याशी एक करार. वाहतूक आणि साठवण करणाऱ्या कंपनीला मात्र वीज-गॅसच्या जाळ्यासारखं नियामकाने ठरवलेलं उत्पन्न. कारखाने उशिरा जोडले गेले आणि पाइप अर्धा रिकामा राहिला, तरी सरकारी आधारामुळे ती कंपनी बुडत नाही. म्हणजे 'तू आधी की मी आधी' यातली जोखीम सरकारने स्वतःकडे घेतली. 2024 मध्ये त्यांनी 25 वर्षांत मिळून 21.7 अब्ज पौंडांपर्यंतची तयारी जाहीर केली.

डच पद्धत वेगळी. रॉटरडॅमच्या पोर्थोस प्रकल्पात पाइप आणि साठवणीमागे सरकारी मालकीच्या कंपन्या आणि बंदर आहे, कारखाने ग्राहक. कार्बन परवान्याची (वायू हवेत सोडायचा तर कारखान्याला लागणारा परवाना) बाजारातली किंमत आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक सरकार अनुदानातून भरतं. परवाना महागला की अनुदान घटतं. मला हे जास्त पटतं, कारण सरकारचा हात कायमचा अडकत नाही.

तुमच्या टिपणात 'अनुदान किती टक्के' यापेक्षा 'कुठली कडी थांबली तर कोण कुणाला काय देणार' याचा तक्ता टाका. बँकवाले तोच मागतील.

प्रतिसाद 2

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: युरोपीय संघाच्या 2009 च्या निर्देशात उत्तर आहे. विहीर बंद केल्यावर साधारणपणे किमान 20 वर्षं चालकाची जबाबदारी. वायू कायमचा बंदिस्त आहे असे पुरावे पटले की ती सरकारकडे जाते, आणि जाताना चालकाने निदान पुढच्या 30 वर्षांच्या देखरेखीइतके पैसे द्यायचे असतात. तुम्ही नुसता कारखाना असाल, साठवण चालवत नसाल, तर हे ओझं तुमच्यावर नसावं. वायू कुठल्या बिंदूवर हस्तांतरित होतो हे करारात स्पष्ट लिहून घ्या.

आणि शुद्धतेचं कलम नीट वाचा. वायूत ओलावा राहिला तर कार्बोनिक आम्ल तयार होऊन पाइप आतून गंजतो, म्हणून मर्यादा फार कडक असतात. माल नाकारला तर तो तुमच्याच अंगणात.

प्रतिसाद 3

नॉर्वेतल्या ब्रेविकचा सिमेंट कारखाना बघितलात का? वर्षाला 4 लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडायची सोय, म्हणजे तिथल्या उत्सर्जनाच्या निम्म्याच्या आसपास. निम्माच का, तर वायू आधी द्रावणात शोषून घेतात आणि त्यातून तो परत सोडवायला लागणारी उष्णता भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून घेतात आणि तेवढीच पुरते. तुमच्याकडे अशी उष्णता किती शिल्लक आहे हे आधी मोजा. मग कराराचं भांडण.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. हस्तांतरणाचा बिंदू आमच्या मसुद्यात कुठेच नाही, हे आत्ता लक्षात आलं. आणि उष्णतेचा हिशोब माझ्याच विभागाचा, तोच राहिलाय. सोमवारी आकडे काढून इथेच टाकते. तोवर एक उपप्रश्न: खत कारखान्याचा वायू आधीच बराच शुद्ध असतो, त्यांना पकडायला आमच्यापेक्षा खूप कमी खर्च येतो. मग सामाईक पाइपचं भाडं दोघांना टनामागे सारखंच लावायचं, की वेगळं?