मदत हवी आहे: फक्त गेमिंगसाठी ६ कोअर पुरतील की ८ घेऊ?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाचा पीसी अपग्रेड करायचाय आणि प्रोसेसरपाशी, म्हणजे त्यात एकाच वेळी काम करणारे भाग (कोअर) किती हवेत याच्यापाशी, गाडी अडली आहे. सध्या रायझन ३ ३२००जी, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड आणि १०८०पी मॉनिटर आहे. कार्ड नंतर टाकलं, प्रोसेसर मात्र पहिल्यापासून तोच.

त्रास असा की सायबरपंक २०७७ मध्ये गर्दीच्या रस्त्यावरून गाडी जोरात नेली की चित्र क्षणभर गोठतं, मग एकदम पुढे उडी मारतं. तोवर गाडी खांबावर गेलेली असते. काउंटरवर ४५ च्या आसपास एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) दिसतात, आकडा तसा वाईट नाही, पण झटके हाताला जाणवतात. टास्क मॅनेजरमध्ये चारही कोअरचे आलेख वेगवेगळे लावून बघितले. चारही वर टेकलेले आणि कार्ड मात्र ६० टक्क्यांवर. रिझोल्यूशन ७२० वर आणलं तरी एफपीएस जागचे हलले नाहीत.

लॅमिंग्टन रोडला दोन दुकानांत विचारलं. एक म्हणाले, गेमिंगला ८ कोअरच्या खाली बघूच नका. दुसरे म्हणाले, गेम एकच कोअर वापरतो, बाकीचे नुसते शोभेला. मग खरं काय धरायचं? रायझन ५ ५६००, रायझन ७ ५७००एक्स की ५७००एक्स३डी? भावाने शिकवण्या घेऊन पैसे जमवलेत, ते चुकीच्या जागी जाऊ नयेत एवढंच वाटतं. एडिटिंग वगैरे काही नाही, कधीमधी गेम रेकॉर्ड करतो.

प्रतिसाद १

तुमची ७२० ची चाचणी फार कामाची आहे. रिझोल्यूशन उतरवूनही एफपीएस वाढत नाहीत, म्हणजे कार्ड प्रोसेसरची वाट बघत थांबतंय. दुखणं नक्की प्रोसेसरचंच.

आता कोअरचं. प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक चित्रामागे, एक मुख्य थ्रेड (कोअरवर चालणारी कामाची साखळी) असतो. खेळाडूने काय दाबलं, पुढे काय घडणार, कार्डला काय काढायला सांगायचं, हे बरंचसं तोच बघतो. आवाज, अ‍ॅनिमेशन, पुढचा रस्ता लोड करणं ही कामं इतर कोअरवर वाटता येतात. लाटायला आठ जणी बसल्या तरी तवा एकच असेल, तर पोळ्या तव्याच्याच वेगाने निघणार. म्हणून दुसरे दुकानदार अर्धे बरोबर. पण तुमच्याकडे तव्याशी बसलेल्यालाच मधेमधे उठून लाटावं लागतंय, कारण ३२००जीमध्ये ४ कोअर आणि थ्रेडही ४च. झटके येतात ते त्यामुळे.

२०१३ साली पीएस४ आणि एक्सबॉक्स वन दोन्ही ८ कोअरचे आले. ते कोअर एकेकटे अशक्त होते, त्यामुळे गेम बनवणाऱ्यांना काम वाटून द्यायला शिकावंच लागलं. सायबरपंकच्या २.० आवृत्तीसाठी किमान म्हणून जो रायझन ५ १६०० सांगितलाय, तोसुद्धा ६ कोअर, १२ थ्रेडचा आहे.

माझं मत स्पष्ट आहे, ५६०० घ्या. ६ कोअर, १२ थ्रेड, आणि एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) ३२ एमबी. तुमच्याकडे कॅश आत्ता ४ एमबी आहे. ५७००एक्समध्ये दोन कोअर जास्त, पण कॅश तेवढीच, त्यामुळे निव्वळ गेममध्ये फरक थोडाच पडेल. शिवाय त्याच्यासोबत कूलर येत नाही, ५६०० च्या बॉक्समध्ये असतो. ५७००एक्स३डी ५७००एक्सपेक्षा कमी गिगाहर्ट्झवर चालूनही गेममध्ये पुढे जातो, तो ९६ एमबी कॅशच्या जोरावर. कोअर दोघांतही ८च. पण तो १६६० सुपरसोबत वाया जाईल, आधी हे कार्डच कमी पडेल. रेकॉर्डिंगला एनव्हीएन्क (कार्डातला व्हिडिओ एन्कोडर) निवडा, ते काम कार्ड करतं.

आणि जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस (मदरबोर्डमधलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा. जुन्या बायोसवर ५६०० लावला तर स्क्रीनवर काहीच येणार नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. आत्ताच बघितलं, बायोस २०१९ चाच आहे. रविवारी भावाला शेजारी बसवून आधी तो अपडेट करतो, मग ५६०० घेऊन येतो. एकच शंका राहिली: रॅम पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारीशेजारी लावलेल्या दिसतायत. त्या दुसऱ्या आणि चौथ्यात हव्यात ना?

प्रतिसाद १

हो, चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा दुसऱ्या आणि चौथ्यातच. बोर्डाच्या पुस्तिकेत एकदा ताडून बघा. आत्ता दोन्ही एकाच चॅनेलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर) चालत असणार, आजच हलवा. प्रोसेसर येण्याआधीच थोडा फरक दिसेल.