बाबा आर्मीतून रिटायर झाले पण घरी अजून आलेच नाहीत असं वाटतं

मधली_लेक:
नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. माझे बाबा कर्नल म्हणून रिटायर झाले ५४ व्या वर्षी (हो, कर्नलला ५४ लाच घरी पाठवतात, लोकांना उगाच वाटतं ६० ला), त्याला आता सहा वर्षं झाली. नोकरीत असताना निम्मा काळ ते फील्ड पोस्टिंगला आणि आम्ही आईसोबत कुठल्यातरी तिसऱ्याच शहरात फॅमिली क्वार्टरमध्ये. माझी दहावी, भावाचा मोडलेला हात, आजीचं शेवटचं आजारपण, सगळं आईने एकटीने निभावलं. फोनवर बाबांचं एकच पालुपद, एकदा रिटायर होऊ दे मग बघ.

आता झाले रिटायर. सकाळी साडेपाचला ग्राउंडवर पोरं पळवतात, कोणी भरतीचं कोणी एनडीएचं. दहा वाजले की आमच्या हॉलमध्ये दरबार भरतो. माजी सुभेदार, हवालदार, जवानांच्या विधवा, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत पेन्शनचे कागद. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचा सीझन असतो तेव्हा तर चपला जिन्यापर्यंत जातात. वर सोसायटीचे सेक्रेटरी पण हेच.

बाबा वाईट नाहीयेत हो, तसं कोणी म्हणू नका. माझ्या मुलाला शाळेत तेच सोडतात, आईची औषधं ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून (माजी सैनिकांच्या दवाखान्यातून) स्वतः आणतात आणि सकाळ दुपार रात्र अशा चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांत भरून ठेवतात. पण परवा लग्नाचा ३५ वा वाढदिवस होता, आम्ही सगळे जमलो आणि हे एका हवालदाराच्या बायकोचं स्पर्श पोर्टलचं (फौजी पेन्शनची वेबसाइट) लॉगिन उघडत नाही म्हणून दुपारी गेले ते रात्री साडेनऊला आले. आई चिडली पण नाही. साडीच्या निऱ्या सोडता सोडता म्हणाली, तीस वर्षं पलटणीला दिली, उरलेली पण पलटणीलाच. मला ते फार लागलं. बाबांना म्हटलं कमी करा आता, तर म्हणाले, त्या बाईला पासवर्ड म्हणजे काय ते माहीत नाही, मी नाही गेलो तर कोण जाणार. यावर काय बोलणार? कोणाच्या घरी असं आहे का, तुम्ही काय केलंत?

जुना_तोफखाना:
बेटा, मी स्वतः लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडलोय त्यामुळे तुझ्या बाबांची बाजू आधी सांगतो, मग वहिनींची. ५४ हे वय असं आहे की बरोबरीचे सिव्हिलवाले तेव्हा खुर्चीत घट्ट बसलेले असतात आणि आपला फोन मात्र एका दिवसात वाजायचा बंद होतो. कालपर्यंत सातशे-आठशे माणसं, त्यांची रजा, त्यांची भांडणं, त्यांच्या पोरांची ॲडमिशन, सगळं तुमच्याकडे, आणि आज विचारायला कोणी नाही. पहिले सहा महिने मी घरात रोज सकाळी रिपोर्ट मागायचो, गॅस किती शिल्लक, बिल कोणी भरलं. शेवटी बायकोने दारात उभं करून सांगितलं, या युनिटची सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, मी आहे.

आणि जवानांचं म्हणशील तर शिपाई पस्तीस-चाळीशीतच पेन्शनवर येतो, पुढची तीस-चाळीस वर्षं कागदांशी झगडतो. पूर्वी गावातल्या बँकेत पासबुक दाखवलं की काम व्हायचं, आता सगळं ऑनलाइन. चांगलंच आहे, पण ओटीपी सुनेच्या मोबाइलवर येतो आणि सून माहेरी असते, मग साहेब आठवतो. साहेबाला नाही म्हणता येत नाही कारण आम्हाला शिकवलंच तसं. डेहराडूनला आयएमएमध्ये, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या मिलिटरी अकॅडमीत, इंग्रजांच्या काळातले लष्करप्रमुख चेटवूड साहेबांचं १९३२ सालचं वाक्य कोरलेलं आहे, देशाची सुरक्षा आणि मान पहिला, मग तुमच्या हाताखालचे जवान, स्वतःचा आराम सगळ्यात शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. मी ते तीस वर्षं छाती फुगवून लोकांना ऐकवलं. रिटायर झाल्यावर बायको एकदा म्हणाली, या यादीत बायको कितव्या नंबरला आहे? मी परत मनातल्या मनात म्हणून बघितलं. नाहीच आहे.

आडवाट:
ताई, तुमचा प्रॉब्लेम बऱ्याच लोकांना हवा असेल. आमचे वडील रिटायर झाल्यापासून रिमोट सोडत नाहीत आणि दर अर्ध्या तासाला न्यूजवाल्यांना शिव्या घालतात. लोकांची कामं करतायत तर करू द्या की.

मधली_लेक:
@आडवाट करू द्यायचंच आहे हो, मी कुठे थांबवतेय. आई एकटी पडते एवढंच म्हणणं आहे. @तोफखाना काका, यादीवालं आईला वाचून दाखवलं, ती हसली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

सुभेदाराचा_मुलगा:
मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे पिशवी घेऊन येणाऱ्यांपैकी. वडील सुभेदार होते, रिटायर झाल्यावर ५८ व्या वर्षी गेले. आईला फॅमिली पेन्शन चालू झाली, आम्हाला वाटलं झालं काम. गल्लीत एक रिटायर्ड मेजर राहायचे, त्यांनी सहज कागद बघितला आणि म्हणाले ही तर साधी लावलीये. म्हणजे असं की पेन्शनर गेला तर पहिली सात वर्षं, किंवा तो हयात असता तर ६७ चा झाला असता तिथपर्यंत, यातलं जे आधी संपेल तोवर वाढीव दराने मिळते, शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, आणि त्यानंतर ३० टक्के. आईला पहिल्या महिन्यापासून ३० च येत होते. आम्हाला काय माहीत. मेजर साहेबांनी अर्ज लिहिले, दोनदा परत आले, त्यांनी तिसऱ्यांदा लिहिले, आठ महिन्यांनी फरकासकट सगळे पैसे आले. आई पेढे घेऊन गेली तर त्यांनी एक उचलला आणि बॉक्स परत दिला. त्यामुळे तुमच्या बाबांना थांबवा असं माझ्या तोंडून येणार नाही.

पण एक गोष्ट जरूर करा. बाबांच्या स्वतःच्या पीपीओमध्ये (पेन्शन मंजुरीच्या कागदात) आईचं नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच आहे का ते बघा. हसू नका. आमच्या मेजर साहेबांनी शंभरेक बायकांचे कागद सरळ केले असतील, आणि ते गेल्यावर काकूंच्याच नावात घोळ निघाला. लग्नाआधीचं नाव एकीकडे, नंतरचं दुसरीकडे. मग काकूंची फाइल घेऊन मी फिरलो.

गोळी_सुटली:
मी अशाच एका सरांच्या हातून तयार झाले, सध्या ट्रेनिंगमध्ये आहे म्हणून जास्त तपशील देत नाही. एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीत, एक टेस्ट असते, ६० शब्द, एकेक शब्द १५ सेकंद दिसतो, तेवढ्यात वाक्य लिहायचं. सर आम्हाला त्यांच्या डायनिंग टेबलवर बसवायचे आणि काकूंचा किचनमधला टायमर घेऊन यायचे, त्याची टिकटिक अजून कानात आहे. क्लासवाले पाठ केलेली गोड गोड वाक्यं देतात, सर ती वही बाजूला ठेवायला लावायचे, म्हणायचे तिथल्या सायकॉलॉजिस्टने ती हजारदा वाचलीयेत, तुझं काय ते लिही. फी शून्य.

पण सांगायचं ते वेगळंच. एकदा काकू मागून जाता जाता माझी वही बघून म्हणाल्या, ही पोरगी सगळीकडे "मी" लिहितेय, हिला ग्रुपमध्ये त्रास होणार. सरांना दोन महिन्यांत जे दिसलं नव्हतं ते त्यांना पाणी प्यायला जाता जाता दिसलं. त्यानंतर सर प्रत्येक वही आधी त्यांना दाखवायचे. ताई, तुमच्या आईंना कोणी विचारलंय का की त्यांना यातलं काही करायचंय का?

जुना_तोफखाना:
@गोळी_सुटली शाब्बास. सीओची बायको म्हणजे युनिटमधल्या सगळ्या बायकांची मोठी जाऊ असते. फॅमिली वेल्फेअरच्या मीटिंगा, आवाचे (आर्मीवाल्यांच्या बायकांच्या संघटनेचे) कार्यक्रम, नवरा सीमेवर असलेल्या मुलींची बाळंतपणं, हे सगळं बिनपगारी. नवऱ्याबरोबर तीही त्याच दिवशी रिटायर होते, फक्त तिला निरोपाची पार्टी कोणी देत नाही.

मधली_लेक:
अपडेट देते. रविवारी बाबांना पीपीओचं विचारलं, आधी भडकले, माझे कागद चोख असतात वगैरे. मग कपाटातून फाइल काढली. नाव बरोबर आहे. जन्मतारखेचं साल चुकलंय, १९६८ च्या जागी १९६३! लग्नानंतर युनिटच्या क्लार्कने कागद केला तेव्हापासूनच चुकलेलं असणार, आणि बाबांनी स्वतः सही केलेली. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग आई इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली पाच वर्षं मोठी बायको नेऊन दाखवत होता सगळीकडे.

मग बाबांनी तिला त्या समोरच्या खुर्चीत बसवलं, जिथे सगळ्या बायका बसतात तिथे, चष्मा लावला, पेन उघडलं आणि सवयीने विचारलं, "पूर्ण नाव?" आईने सांगितलं. खरंच फॉर्म भरला, स्पर्शवर रिक्वेस्ट टाकली, आधार आणि शाळेचा दाखला जोडला.

ते काकूंच्या वहीचं मी आईला सहजच विचारलं होतं. तर म्हणाली, तुझ्या बाबांना नवऱ्यांची नावं आणि नंबर पाठ आहेत, पण कोणत्या बाईला सासूने घराबाहेर काढलंय आणि कोणाची पेन्शन दीर उचलतोय ते मला माहीत आहे, त्या मला किचनमध्ये येऊन सांगतात. सहा वर्षं सांगतायत! बाबांना पत्ताच नाही.

आता मंगळवार आणि शुक्रवार असं ठरलंय, बाकीचे दिवस दरबार बंद. बुधवारी सकाळीच एका विधवेचा फोन आला, बाबा मोबाइल घेऊन हळूच गॅलरीत सटकत होते. आईने तो हातातून काढून घेतला, मला वाटलं आता शुक्रवारी या म्हणून ठेवून देणार. पाऊण तास बोलत बसली, बाबा बाहेर पेपर घेऊन वाट बघत होते.