मोशेच्याच आईवडिलांचं लग्न नियमशास्त्रात बसत नाही, ते कसं?

प्रवरासंगम:

मंडळी, जय ख्रिस्त.

यंदा रात्रीच्या प्रार्थनेत बायबल पहिल्यापासून ओळीने वाचायला घेतलंय. निर्गमचा सहावा अध्याय मुलगी वाचत होती. विसाव्या वचनाशी अडखळली आणि म्हणाली, "पप्पा, यांनी आत्याशी लग्न केलं?" तसंच लिहिलंय. अम्रामाने आपल्या बापाची बहीण योखबेद हिच्याशी लग्न केलं आणि तिच्या पोटी अहरोन आणि मोशे आले. पुढे लेवीय १८:१२ काढून बघितलं, तर आत्या स्पष्ट वर्ज्य. म्हणजे ज्याच्या हातून नियमशास्त्र आलं, त्याच्याच आईबापाचं लग्न त्यात बसत नाही. अब्राहामाचंही तेच. सारा त्याची सावत्र बहीण, उत्पत्ती २०:१२ मध्ये तो स्वतःच सांगतो. याकोबाने दोन सख्ख्या बहिणी केल्या, आणि लेवीय १८:१८ नेमकं त्यालाच मना करतं.

विचारायचं कारण घरातलंही आहे. पुतण्यासाठी त्याच्या मामाची मुलगी सांगून आलीय. वहिनीचं माहेर कॅथलिक, आम्ही सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे. आमचे पास्टर म्हणतात, लेवीयात मामेबहिणीला मनाई नाही, खुशाल करा. तिकडचे फादर म्हणतात, आधी बिशपांकडून सूट आणावी लागेल. बायबल एकच, मग हा फरक आला कुठून? जाणकारांनी नीट सांगावं.

कातळवाट:

सुरुवातीला माणसंच थोडी होती, म्हणून जवळच्या नात्यात लग्नं चालली. पुढे संततीत दोष दिसायला लागले असतील, म्हणून बंदी आली. मला तरी एवढंच कळतं.

जुनी_पोथी:

प्रवरासंगमभाऊ, मी शाळेत शिकवत होते, आता चर्चमध्ये बायकांचा शास्त्राभ्यास घेते. लेवीयचा अठरावा अध्याय बहुतेक ठिकाणी लाजेने उरकतात. आम्ही तो मुद्दाम सावकाश वाचतो, कारण त्यात बायकांचं फार काही आहे.

कातळवाट, तुमच्या म्हणण्याचा पहिला भाग पाचव्या शतकात संत ऑगस्टिनने लिहून ठेवलाय: आरंभी बहिणीशी लग्न ही गरज होती, गरज सरल्यावर तेच अनुचित ठरलं. पण त्याने दिलेलं कारण रक्ताचं नाही. आदाम आपल्याच लेकरांचा बापही आणि सासराही होता. दोन नाती एकाच माणसात अडकली. ती दोन माणसांत वाटली गेली तर माया जास्त घरांत पोचते, असं तो म्हणतो. मला हे पटतं.

दोषाचं कारण मात्र लेवीयाला लावता येत नाही. यादीच बघा. आई, सावत्र आई, बहीण, सावत्र बहीण, नात, आत्या, मावशी, काकू, सून, भावाची बायको, एकाच वेळी मायलेकी, एकाच वेळी दोघी बहिणी. यात काकू, सून, भावजय, सावत्र आई यांच्याशी रक्ताचा संबंध काय? आणि ज्यांच्याशी आहे त्या चुलतबहीण, मामेबहीण, भाची, पुतणी यांची नावंही नाहीत. ही यादी रक्त मोजून केलेली नव्हे. एका अंगणात, एका कर्त्या पुरुषाच्या हाताखाली ज्या बायका राहतात, त्यांची ती यादी आहे असं मी वाचते. सुनेने सासऱ्यापासून, भावजयीने दिरापासून निर्धास्त असावं, भरल्या घरात बाईला आपल्या खोलीचं दार लावायची वेळ येऊ नये, हा तिचा गाभा. मामाची मुलगी मामाच्या घरी असते, म्हणून ती यादीत नाही.

पूर्वजांचं उत्तर चर्चमध्ये सहसा रोमकरांस ५:१३ वरून देतात: नियमशास्त्र नव्हतं तेव्हा पाप हिशेबात धरलं जात नव्हतं. विश्वासाने ते मला पुरतं. पण तेवढ्यावर थांबलं की माणसं असं का वागली ते सुटतं. अब्राहामाचा भाऊ नाहोर याने दुसऱ्या भावाची मुलगी मिल्का केली. इसहाकासाठी नोकर थेट नाहोराच्या घराण्यात पाठवला. याकोबाला आईने आपल्या भावाकडे, लाबानाकडे धाडलं. परक्या मुलखात राहणारं छोटं कुळ आपली माणसं आणि आपला देव जपायला आतल्या आत सोयरिकी करत होतं. आपल्याकडे मामाची मुलगी करण्यामागे हिशेब असतो, त्याहून हा फार वेगळा नाही.

आता दोन ठिकाणी नियमशास्त्र स्वतःच आत वळतं, तिथे जरा थांबा.

एक, सलाफहादाच्या मुली. पाच बहिणी, भाऊ नाही. गणना २७ मध्ये त्या सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात आणि देव म्हणतो, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण गणना ३६ मध्ये त्यांच्याच वंशातले पुरुष तक्रार घेऊन येतात: या बाहेरच्या वंशात गेल्या तर जमीन त्यांच्याबरोबर जाईल. मग ठरतं की त्यांनी आपल्या वंशातच लग्न करावं, आणि पाचही जणी चुलतभावांशी लग्न करतात. हक्क मिळाला, पण निवड आखडली. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव चढवायची वेळ आली की आपल्याकडे घराघरात काय होतं ते आठवलं, तर हा अध्याय परका वाटत नाही.

दुसरं, अनुवाद २५. लेवीय सांगतं, भावाची बायको वर्ज्य. अनुवाद सांगतं, भाऊ निपुत्रिक मेला तर दिराने त्याच्या विधवेशी लग्न करून भावाचं नाव चालवावं. नाही म्हणाला तर ती वेशीत वडीलधाऱ्यांकडे जाते, त्यांच्यादेखत त्याच्या पायातला जोडा काढते, त्याच्या तोंडावर थुंकते, आणि त्याच्या घराण्याला 'जोडा काढलेल्याचं घर' असं कायमचं नाव पडतं. आमच्या गटातल्या बायका या वचनांवर सगळ्यात जास्त वेळ घेतात. डोक्यावर छप्पर नसलेल्या बाईला पंचांसमोर बोलायची आणि सधन पुरुषाला चारचौघांत लाजवायची जागा कायद्याने दिलीय.

हीच दोन वचनं पुढे एकमेकांवर आदळली ती इंग्लंडात. राजा आठव्या हेन्रीने मेलेल्या भावाची, आर्थरची विधवा कॅथरीन हिच्याशी १५०९ साली लग्न केलं. त्यासाठी १५०३ मध्ये पोप दुसरा ज्युलियस याने सूट दिली होती. मुलगी मेरी जगली, मुलगा राहिला नाही. मग हेन्रीने लेवीय २०:२१ पुढे केलं, भावाची बायको करणारे निःसंतान राहतील. कॅथरीनच्या बाजूने अनुवाद २५ होतं. माझ्या मते राजाला वारस हवा होता आणि त्याने वचन त्यासाठी वापरलं. कॅथरीनवर अन्याय झाला. १५३३ मध्ये लग्न रद्दबातल ठरवलं गेलं, पुढच्या वर्षी इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं. सीएनआयमध्ये इंग्लंडच्या चर्चचीही परंपरा आलीय, म्हणून तुमच्या पास्टरांच्या उत्तराचं मूळ त्या काळात आहे. १५४० मध्ये कायदा झाला की देवाच्या नियमाने जी लग्नं मना नाहीत ती वैध. लेवीयात चुलत-मामे भावंडं नाहीत, म्हणून ती मोकळी झाली. नंतर आर्चबिशप पार्कर यांनी वर्ज्य नात्यांचा तक्ता केला, तो प्रार्थनापुस्तकाबरोबर छापत आले. त्यातही ती नाहीत.

फादरांचं उत्तर दुसऱ्या वाटेने आलंय. रोमन सम्राट थिओडोसियसने चौथ्या शतकाच्या अखेरीस चुलत-मामे भावंडांची लग्नं बंद केली. चर्च त्याहून पुढे गेलं. अकराव्या शतकापर्यंत सात पिढ्यांतलं नातं वर्ज्य झालं होतं. खेड्यात सात पिढ्या मोजल्या तर नातं नसलेलं कोण सापडणार? लोकांना जोडीदार मिळेना, आणि नकोशी झालेली लग्नं मोडायला थोरामोठ्यांना लांबचं नातं उकरून काढणं सोपं झालं. शेवटी १२१५ साली लॅटरन इथल्या चौथ्या धर्मपरिषदेने सातावरून चार पिढ्यांवर आणलं. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत तीन झाल्या. १९८३ च्या संहितेत, कलम १०९१ प्रमाणे, आडव्या नात्यात सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांपर्यंतच अडथळा उरलाय.

म्हणजे नियम एकाच दिशेने कडक होत गेले असं नाही. आवळले, सैल झाले, पुन्हा आवळले. दर वेळी कुणाचं घर आणि कुणाची जमीन पणाला लागली होती ते शोधावं.

नवगावचा:

जुनी_पोथी ताई, सुंदर लिहिलंत. आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, म्हणून आमच्या बाजूचं थोडं घालतो.

लेवीयचा हा अठरावा अध्याय आमच्याकडे योम किप्पूरला, म्हणजे आजी ज्याला दारफळणीचा सण म्हणायची त्या दिवशी, दुपारच्या प्रार्थनेत मोठ्याने वाचतात. वर्षातला सगळ्यात पवित्र दिवस, पोटात अन्न नाही, आणि वाचायचं ते हे. लहानपणी नवल वाटायचं. आता वाटतं, योग्य दिवस निवडलाय.

भाची आणि पुतणी यादीत नाहीत, त्यावर यहुद्यांमध्येच दोन तट होते. मृत समुद्राकाठच्या पंथाचं म्हणणं, मोशेने मावशी वर्ज्य केली ती पुरुषाला उद्देशून, पण तोच नियम स्त्रीलाही उलट बाजूने लागू. मग पुतणीने काकाशी लग्न करणंही वर्ज्यच. दमास्कस दस्तऐवज म्हणून जो ग्रंथ ओळखला जातो, त्यात हे लिहिलंय. तालमूद, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) चर्चांचा मोठा ग्रंथ, मात्र बहिणीच्या मुलीशी लग्न करणाऱ्याचं कौतुक करतो. वचन तेच, अर्थ पार उलटे.

दीर-भावजयीचं लग्न तर हळूहळू मागेच पडलं. मिश्नामध्येच, म्हणजे तालमूदच्या मूळ भागातच, म्हटलंय की पूर्वी लोक धर्म म्हणून करायचे, आता तसं राहिलं नाही, तेव्हा जोडा काढण्याचा विधीच बरा. त्याला हलित्सा म्हणतात. दिराच्या उजव्या पायात खास चामडी जोडा घालतात, विधवा तो सोडते, त्याच्यासमोर जमिनीवर थुंकते, आणि ती मोकळी होते. १९५० मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींनी लग्नाऐवजी हलित्साच करायचा असं ठरवलं.

याच विधीवरून आमच्या लोकांना फार सोसावं लागलं. कोकणात शतकानुशतकं राहताना आमच्याकडे घटस्फोट आणि हलित्सा शास्त्रोक्त झाले नसतील, या शंकेवरून इस्राएलमध्ये गेलेल्यांची लग्नं लावताना वंशावळ तपासायचा आदेश १९६२ साली निघाला. आमच्या माणसांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. १९६४ साली तिथल्या संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचं जाहीर केल्यावर तो आदेश बदलला. आजोबांच्या पिढीला हा अपमान शेवटपर्यंत लागून होता, आणि मलाही लागतो.

प्रवरासंगम:

ताई, दादा, दोघांचे आभार. मुलीला सगळं वाचून दाखवलं. आता एवढंच सांगा: बायको वारल्यावर मेहुणीशी लग्न करायची रीत आमच्याकडे आहे, लेकरांना मावशीच आई म्हणून मिळावी म्हणून. ते चालतं का? आणि पुतण्याचं नेमकं काय करावं?

जुनी_पोथी:

लेवीय १८:१८ मध्ये 'ती जिवंत असताना' अशी अट आहे. बायको गेल्यावर मनाई नाही, निदान मी तरी तसंच वाचते. तरी इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने अशी लग्नं सपशेल अवैध केली होती. नवराबायको एकदेह, म्हणून तिची बहीण ती त्याची बहीण, असा युक्तिवाद. कितीतरी वर्षं संसदेत विधेयकं येत राहिली आणि पडत राहिली. अखेर १९०७ मध्ये मेहुणीला आणि १९२१ मध्ये भावाच्या विधवेला परवानगी मिळाली. आईविना लेकरांची तेवढी वर्षं उगाच आबाळ झाली असं मला वाटतं. कॅथलिकांतही १९८३ पासून मेहुणीची अडचण नाही. लग्नाने जोडलेल्या नात्यांत सासू, सून, सावत्र मुलगी अशी उभ्या ओळीतली नातीच अडतात.

पुतण्याचं म्हणाल तर फादर अडवणूक करत नाहीयेत. मुलगी कॅथलिक आहे, म्हणून संहिता तिला लागू. मामे-आते भावंडांचा अडथळा चर्चने घातलेला, म्हणून त्यातून बिशप सूट देऊ शकतात. सख्ख्या भावाबहिणीला ती कधीच मिळत नाही. वर मुलगा सीएनआयचा, तेव्हा त्याची वेगळी परवानगी लागते. दोन्ही अर्ज तिच्या पॅरिशमधून जातात. साखरपुड्याची तारीख धरण्याआधी तिच्या घरच्यांनी फादरांना भेटून नातं कागदावर स्पष्ट मांडावं, दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले बरोबर न्यावेत. आणि मुलीला आधी एकटीला विचारा. घरातलंच स्थळ म्हणून तिची हो गृहीत धरतात, तसं होऊ देऊ नका.

कुणी म्हणालं की चर्च नको, सरळ नोंदणी करू, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचं पहिलं परिशिष्ट बघून घ्या. वर्ज्य नात्यांच्या त्या यादीत मामाची मुलगी आहे. मान्यताप्राप्त रूढी असेल तरच अपवाद, आणि त्याबद्दल वकिलाला विचारूनच पाऊल टाका.